झाडं नापास करणारे डोमाजीमामा

आमच्या गावात झाड लावायचं असेल तर आधी त्याची वल्दियत सांगावी लागते. ही अट सरकारची नाही, डोमाजीमामांची आहे. निजामाच्या वेळच्या कागदांवर माणसाच्या नावापुढं 'वल्द अमुक' असं बापाचं नाव लिहिलेलं असायचं. मामांचे वडील पटवाऱ्याच्या घरी कामाला होते, त्यामुळं तो शब्द मामांच्या कानावर लहानपणीच पडला आणि तोंडात कायमचा राहिला. फरक एवढाच की मामा बापाचं नाव विचारत नाहीत, मायचं विचारतात.

"याची माय कोन? कुठं उभी हाय? तिले पानी कोन देते?"

तिसऱ्या प्रश्नाला "कोणीतरी देत असंल" असं उत्तर आलं की मामा रोप जमिनीवर ठेवतात, हात झटकतात आणि निघून जातात. निरोप घ्यायची पद्धत त्यांना माहीत नाही.

आमचं गाव आदिलाबादकडचं, तेलुगु मुलखातलं; मी इथल्या मराठी शाळेत मास्तर आहे. दर पावसाळ्यात आमच्याकडं झाड लावायचा कार्यक्रम होतो. एकदा तामसीच्या मंडल ऑफिसातले एक साहेब आले होते. तेलुगु बोलणारे, स्वभावानं भले. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, बॅनर बांधून झाला, साहेबांनी रोप हातात घेतलं आणि फोटोवाला "सर, इकडं" म्हणाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा पुढं आले.

"साब, इसकी माँ कौन है?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

"नर्सरी से आया है," साहेब म्हणाले.

"नर्सरी से तो मैं भी आया. तीस साल था उधर. मैं माँ पूछा."

साहेब हसले आणि त्यांनी रोप लावलं. त्या फोटोत मामाही आले आहेत. मुलगी पाहायला गेलेला आणि चहा न घेताच उठलेला माणूस जसा दिसतो तसे ते त्या रोपाकडं पाहताहेत. एप्रिलमध्ये रोप वाळलं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं लागलं, दुसऱ्या साहेबांच्या हातून. शाळेतल्या त्या खड्ड्यात आजवर किती झाडं लागली हे मला विचारू नका. आमच्या शाळेत सगळ्यात जास्त अनुभव त्या खड्ड्याला आहे.

मामा तीस वर्षं एका सरकारी नर्सरीत माळी होते. अंगावर अजून तेव्हाचाच खाकी शर्ट असतो, फक्त रंग सांगायला आता साक्षीदार लागतो. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. गावात कोणाचंही झाड मेलं की मामा सांत्वनाला गेल्यासारखे जातात आणि न विचारता ते उकरून काढतात. मुळी बोटांनी मोजतात, वास घेतात, मग घरमालकाच्या तोंडापुढं धरतात. बहुतेक वेळा मुळी पिशवीच्या आकाराची निघते, गोल गोल गुंडाळलेली. "पाहा. पिशवीतून निंघालीच नाई हे पोरगी," असं म्हणून मामा सगळा दोष घरमालकावर टाकतात.

"वरतं काय पाहता, खालतं पाहा," हे त्यांचं आवडतं वाक्य. झाडांपुरतं असतं तर चाललं असतं. पण मामा ते सगळीकडं वापरतात. एकदा आमच्या गल्लीत मुलगी पाहायला पाहुणे आले. मुलगा मोटारसायकलवर, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणं मोठं. मामांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि चारचौघांत म्हणाले, "पाला लय हाय. मुळी नाई." तरी लग्न झालं. वर्षभरात मुलगी माहेरी परत आली. तेव्हापासून लग्नाच्या मुलांचे बाप मामांना लांबून पाहिलं तरी रस्ता बदलतात.

पण मामांचा खरा कारभार घरामागं चालायचा. तिथं मुरमाची एक पट्टी आहे. त्या मुरमात गवतसुद्धा नाइलाजानं उगवतं. मामांनी तिथं बिया पेरल्या होत्या. पिशव्या नाहीत, कुंड्या नाहीत, थेट जमिनीत. एका ओळीत अंजन, एका ओळीत हिवर, आणि पाच ओळी निंबाच्या. निंबाच्या पाच ओळी म्हणजे पाच मायांची लेकरं. एक माय शाळेच्या भिंतीजवळची, एक मारोतीच्या पारावरची, एक तलमडुगूच्या रस्त्यावरची, एक नाल्याकाठची आणि एक जुन्या दगडाच्या खदानीतली. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी चुन्यानं खूण केलेला दगड.

नियम कडक होते. पहिल्या दिवाळीपर्यंत लागेल तसं पाणी. दिवाळी ते होळी, दर शनिवारी एक लोटा. होळी झाली की पाणी बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तर लोट्याला हात लावायचाच नाही. रोप मान टाकायचं, पानं गाळायचं, आणि मामा समोर बाजेवर बसून शांतपणे पाहत असायचे. मेलं की उपटायचे.

"नापास," म्हणायचे, आणि चहा घ्यायचे.

मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलं, "मामा, काऊन जीव घेऊन राह्यले बिचाऱ्यायचा? तांब्याभर पानी टाकलं तं काय बिघडते?"

"तुमी पोरायले पास करता, मास्तर," मामा म्हणाले. "वाचता येत नाई तरी पास. मंग ते शहरात जाऊन वाळते. म्या इथंच नापास करतो."

मला राग आला. राग आला कारण ते खरं होतं. आमच्या शाळेत मुलं इतकी थोडी उरली आहेत की एखाद्याला नापास केलं तर त्याचा बाप त्याला गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवील. मग पट कमी झाला म्हणून माझी बदली होईल. म्हणून सगळे पास. हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

गाव आधी हसायचंच. अंजनाची परीक्षा घ्या, हिवराची घ्या, पण निंबाची कसली परीक्षा? निंब कुठंही येतो, लहान पोरालाही माहीत आहे. मग एका वर्षी रस्त्याकडेचे निंब शेंड्यापासून वाळायला लागले. हिरव्या झाडांची टोकं तपकिरी पडली, मोठमोठी झाडं डोक्यावर भाजल्यासारखी दिसू लागली. लोक घाबरले. बायांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं. कोणी रोग म्हणालं, कोणी कीड म्हणालं, कोणी मोबाइलच्या टॉवरवर ढकललं.

"पाऊस बदलला, उन्हाळा बदलला, आन् तुमी म्हन्ता निंब तोच," मामा म्हणाले. "आता निंबातलाबी निवडून घ्या लागते."

खदानीतली निंबाची माय तेवढी हिरवी राहिली होती. दगडाच्या कपारीत उभी, जवळ पाणी नाही, माती नाही. मी म्हटलं, झालं तर मग, तिचंच बी लावा. मामांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. मायनं सोसलं म्हणजे लेकरू सोसेल असं नाही. तीन उन्हाळे पाहिल्याशिवाय ते कोणालाच पास करणार नव्हते.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका झाडासाठी. एकाच.

आमच्या फाट्यावर बस थांबते. रस्ता रुंद झाला तेव्हा तिथली चार जुनी झाडं गेली. बदल्यात पत्र्याचं शेड मिळालं, ते एका वावटळीत उडालं. आता तिथं सावली म्हणून चहाच्या हॉटेलची एक भिंत आहे, आणि तीही बारा वाजले की आपली सावली आत ओढून घेते. आदिलाबादला दवाखाना, कचेरी, बाजार, कशालाही जायचं तर माणसं तिथं उभी. त्या शेडच्या जागेजवळ एक खड्डा आहे. त्यात दरवर्षी वरून आलेलं एक शोभेचं झाड लागतं आणि दरवर्षी मरतं, कारण फाट्यावर पाणी घालायला कोणीच राहत नाही. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात मामी तिथंच बसची वाट पाहताना ऊन लागून गेल्या. मी तेव्हा सुटीत सासुरवाडीला होतो. त्यावर मामा कधी बोलले नाहीत. दिवस झाले आणि पावसाळा लागताच मुरमात पहिलं बी पडलं. पहिली दोन वर्षं सगळंच मेलं, मग नव्यानं पेरणी झाली.

फाट्यावर कोणीही पाणी न देता जगेल असं झाड मामांना पाहिजे होतं. मोठ्या मिनतवारीनं त्यांनी सरपंचबाईंकडून शब्द घेतला, की येत्या पावसाळ्यात तो खड्डा डोमाजीचा, वरून काही आलं तरी तिथं लावायचं नाही. तिसऱ्या उन्हाळ्याचा निकाल लागायचा होता. डॉक्टरांनी मामांना काळजाचं दुखणं सांगितलं होतं.

"माह्यापाशी अजून तीन उन्हाळे नाईत, मास्तर," मामा मला म्हणाले होते. "जे काय हाय ते हेच."

त्याच तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, मामांच्या छातीत दुखायला लागलं. पांढरकवड्याहून मुलगी आली, त्यांना आधी आदिलाबादच्या दवाखान्यात आणि मग आपल्या घरी घेऊन गेली. ऑटोत बसताना मामा मला एवढंच म्हणाले, "बकऱ्यायवर ध्यान ठेवजा."

बकऱ्यांवर. बाकी काही म्हणाले नाहीत. सांगायची गरजच वाटली नसेल. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या शिकलेल्या माणसाला ते काय सांगायचं?

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या घरामागं गेलो. रोपं मान टाकून उभी होती. मला वाटलं, म्हातारा तिकडं सलाइनवर, आणि त्याची लेकरं इकडं तहानेनं मरताहेत. घरी गेलो, दोन बादल्या भरल्या आणि सगळ्या ओळींना पाणी घातलं. तीस वर्षं मी वर्गात ओरडून सांगतोय, आधी प्रश्न नीट वाचा.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं पाहिलं आणि तिनं एक घागर आणली. मग तिची जाऊ. मग ज्या ज्या घरचं मेलेलं झाड मामांनी उकरून त्यांच्या तोंडापुढं धरलं होतं, त्या त्या घरून कोणी ना कोणी आलं. सरपंचबाईंना कळलं तेव्हा त्यांनी पंचायतीचा टँकर पाठवला. गावाला चार दिवसांआड नळ, आणि डोमाजीच्या मुरमाला रोज. कोणी कुरकुर केली नाही. "डोमाजी परत येईलोक एक पान वाळलं नाई पाह्यजे," असं पारावर ठरलं. ज्यांनी त्यांना वेडा म्हटलं होतं तेच ट्रॅक्टरमागं पाइप धरून चालत होते. मला त्या दिवसांत आमच्या गावाबद्दल फार चांगलं वाटलं. एरवी तसं वाटत नाही.

मृगाच्या तोंडावर मामा आले. आम्ही सगळे जमलो होतो. कोणी नारळ आणला होता. सरपंचबाई हसतमुखानं उभ्या होत्या. मामा ऑटोतून उतरले, निम्मे झाले होते. मुलीचा हात सोडून घरामागं गेले.

सात ओळी, सगळ्या हिरव्या. शाळेच्या भिंतीजवळच्या मायची लेकरं हिरवी, नाल्याकाठच्या मायची हिरवी, मरायला टेकलेली होती तीसुद्धा फुटून आलेली. मामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालले. मग परत आले.

"कोनं पानी टाकलं?"

"आमी सगळ्यायनं," मी म्हणालो. "सुरुवात माझी."

"किती दिवस?"

"रोज."

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले. भेदभाव नाही केला मामा, एकाही ओळीत."

हे मी अभिमानानं म्हणालो. आठवलं की अजून कान तापतात.

मामा बाजेवर बसले. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं आता मला वाटू लागलं होतं, कारण त्यांचं तोंड पाहून काय झालं ते माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. कोण जगणार होतं आणि कोण मरणार होतं, ते आता कोणालाही सांगता येणार नव्हतं. आम्ही सगळ्या गावानं मिळून तिसऱ्या उन्हाळ्याचा पेपर सोडवून दिला होता. मामांनी माझा हात हातात घेतला, थोपटला.

"हात चांगला हाय तुमचा," म्हणाले. आत गेले आणि कडी लावून घेतली.

तीन दिवस दार उघडलं नाही. मुलगी ताट नेऊन द्यायची तेवढंच. सरपंचबाई मला विचारायच्या, "मामाले काय झालं जी? टँकर कमी पडला का?" मी त्यांना समजावून सांगायला गेलो, आणि निम्म्यात सोडून दिलं. जे मला तीन उन्हाळ्यांत कळलं नव्हतं ते त्यांना एका दुपारी काय कळणार?

चौथ्या दिवशी मामा सब्बल घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, चला. निंबोळ्या पिकून पडत होत्या. निंबोळी साठवून चालत नाही, ताजीच पेरावी लागते, नाहीतर बी आतल्या आत मरतं. म्हणजे थांबायला वेळ नव्हता. आम्ही खदानीत गेलो. मी वाकून निंबोळ्या वेचल्या, मामा दगडावर बसून एकेक पारखत होते.

"हिचीच लावायची?" मी विचारलं. "परीक्षा तं झाली नाही."

"बिनापरीक्षेची पास केली," मामा म्हणाले. "तुमच्या शाळेसारकी."

मी निंबोळ्या वेचत राहिलो. तेवढा त्यांचा हक्क होता.

फाट्यावरच्या खड्ड्यात तीन बिया पेरल्या, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. मामांनी सरपंचबाईंना, हॉटेलवाल्याला आणि मला समोर उभं करून बजावलं, की इथं कोणीही एक थेंब पाणी टाकायचं नाही. टँकरच्या ड्रायव्हरला वेगळं बोलावून बजावलं. दोन बिया रुजल्या. एक रोप किड्यानं खाल्लं. एक राहिलं, वीतभर.

हे मागच्या पावसाळ्यातलं. परवा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मला आदिलाबादला मीटिंगला जायचं होतं. यंदा शाळांना कोणती रोपं मिळणार, त्याची यादी तिथं वाटणार होते. एक वाजता मी फाट्यावर आलो. सगळी माणसं हॉटेलच्या भिंतीला पाठ लावून, पोटं आत ओढून उभी होती. समोर भर उन्हात, काट्यांच्या कुंपणाला चिकटून मामा जमिनीवर बसले होते. हातात छत्री होती. ती त्यांच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून त्यांनी ती रोपावर धरली होती.

मी धावत गेलो. "मामा, हे काय लावलं? डॉक्टरनं काय सांगतलं होतं? चला, भितीपाशी बसा."

"पानी नाई देल्लं," मामा घाईनं म्हणाले. "एक थेंब नाई. माती पाहा, हात लावून पाहा."

"मी पाण्याचं विचारलंच नाही."

"निसती सावली देल्ली. बारा ते तीन. बाकी दिवसभर ते आपलं आपून सोसते." मग म्हणाले, "नेमात बसते का नाई, मले समजून नाई राह्यलं."

"नेम तुमचाच होय."

"मनून तं."

ऊन इतकं होतं की डांबराचा वास नाकात झोंबत होता. मी त्यांचा दंड धरून उठवायला लागलो. मामांनी दंड सोडवून घेतला.

"इथं मरलेलं ते लाल फुलाचं झाड म्याच लावलं होतं, मास्तर. माह्या नोकरीतलं शेवटचं. म्या मुळी पाह्यली होती त्याची, पिशवीत गोल झालती. मले ठाऊक होतं, हे दोन उन्हाळे नाई काढनार. साहेब म्हने लाव. लावलं. माह्या बापाचं काय जाते, म्हटलं."

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो.

"वाळलं. निसती काडी उभी राह्यली. त्या दिवशी बस दोन घंटे आलीच नाई. सारे लोक त्या भितीपाशी होते. हाटेलवाल्यानं तिले दोन डाव आवाज देल्ला, मामी, इकडं या, इकडं सावली हाय. ते नाई उठली. काडीखालीच बसून राह्यली."

"काऊन?"

मामांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि रोपावर नीट धरली.

"म्हने, माह्या मानसानं लावलेलं झाड हाय. मी इथंच बरी."

बस आली. भिंतीपासची माणसं धावली, कोणीतरी मला "मास्तर, चला" म्हणून हाक मारली. मामा माझ्याकडं पाहत नव्हते. मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं तर ते वीतभर सरकून बसले होते, कारण ऊन सरकलं होतं. छत्री रोपावर होती आणि मामा अख्खे उन्हात होते. मी छत्री हातात घेऊन तिथं थांबायला पाहिजे होतं. हे मला आदिलाबादचं स्टँड आल्यावर सुचलं.